स्मारक व्हावं, पण होऊ नये

आमचे कोहक्याचे घरमालक दिल्लीतल्या त्या स्मारकाच्या बाजूचे होते की विरोधातले, हे मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. त्यांच्या भिंतीला भिंत लावून आम्ही राहिलो. त्यांच्याबरोबर मी थेट दिल्लीपर्यंत जाऊन आले आणि स्मारक ज्या खड्ड्यातून वर येणार होतं तो खड्डा त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिला. तरी नाही. माझे यजमान म्हणायचे, "तू विचार करनं सोड. त्या मानसाले सोतालेच माईत नाई." मला मात्र वाटायचं की त्यांना माहीत आहे, फक्त ते एका वाक्यात मावत नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. यजमान रोलिंग मिलमध्ये लागले होते, पण टाउनशिपमधल्या क्वार्टरसाठी आमचा नंबर यायचा होता. आमच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती. शेजारच्या दुर्ग शहरात जिथे खोली बघायला जावं तिथे आधी आडनाव विचारत, आणि ते सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. शेवटी कोणीतरी कोहक्याला जाऊन बघा म्हटलं. कोहका तेव्हा खेडंच होतं. लाल मुरमाच्या रस्त्याला एक कौलारू घर, आणि दारात ऐन मे महिन्यात रेल्वेचा काळा लोकरी कोट घालून उभे असलेले एक उंच गृहस्थ. खाली धोतर.

यजमानांनी आपण होऊनच आडनाव सांगून टाकलं. गृहस्थ म्हणाले, "नावाचं मले काय करायचं? चूल कोन्या बाजूनं मांडाल थे सांगा."

यजमानांनी बाजू दाखवली.

"मंग धूर माह्याकडं येईन," ते म्हणाले. थोडा विचार केला. "येऊ द्या."

असे आम्ही तिथे राहायला गेलो. घराचे दोन भाग होते, मधे भिंत. एका भागात काका-काकू, दुसऱ्यात आम्ही. त्यांना मूलबाळ नव्हतं.

काकांचा पहिला गोंधळ मला पहिल्याच आठवड्यात कळला. काकू अंगणातून मला हाक मारून म्हणाल्या, "सूनबाई, मीठ सरलं वं, वाटीभर दे." मी मीठ आणायला वळले, तोच काका पुढे येऊन अदबीने म्हणाले, "त्या म्हणून राहिल्या का घरातलं मीठ संपलं हाय, तरी आपल्याकडं असंन तं एक वाटी द्यावं." मी दोघांकडे बघत राहिले. काकूंनी कपाळावर हात मारला. "त्याईची सवय हाय," त्या म्हणाल्या. "दोन मानसं बोलाले लागली का हे मधात उभे राहतेत."

ती सवय नोकरीतून आली होती. काकांचे वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून येऊन दुर्गाच्या पुढे कुठल्याशा लहान स्टेशनावर राहिलेले. त्यामुळे काकांना छत्तीसगढी घरच्यासारखी यायची. स्वतः रेल्वेत कारकुनी करून ते निवृत्त होत आले, तेवढ्यात कारखान्यासाठी जमिनी घेणं सुरू झालं. साहेब लोक आले ते कुठले कुठले. त्यांचं बोलणं गावकऱ्यांना कळेना, गावकऱ्यांचं त्यांना कळेना. मग एका सरकारी हपिसाने काकांना मागून घेतलं. काका साहेबांबरोबर गावोगाव जायचे. साहेब एक वाक्य बोलायचा, काका त्याची चार करायचे. आणि अशी करायचे, की माणसं डोळे पुसत गावातून उठायची. हे मला काकूंनी सांगितलं. त्यात कौतुक होतं की तक्रार, ते काही कळलं नाही.

आम्हा नवराबायकोचं भांडण झालं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सूनबाईचं म्हननं असं हाय…" आणि खरोखरच मला जे म्हणायचं होतं ते काका माझ्यापेक्षा बरं सांगायचे. मग यजमानांचं म्हणणं मला सांगायचे. शेवटी निकाल ठरलेला: "दोन्ही बरोबर हाय." या निकालाने कोणाचंच समाधान होत नसे. पण भांडण मिटायचं, कारण आम्ही दोघंही त्यांच्यावर चिडायचो.

सुपेल्याच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारी यायची. डोक्यावर टोपली, कोपरापर्यंत गोंदण, वाकलेली पण आवाजाने खणखणीत. तिला सगळे दाई म्हणत, म्हणजे तिकडच्या बोलीत आई. अंगणात येऊन ती टोपली खाली ठेवायची, कमरेवर हात ठेवायची आणि काकांना शिव्या घालायची. पहिल्यांदा मी घाबरून काकूंकडे धावले. काकू शांतपणे चहाचं आधण ठेवत होत्या. "तिचं होऊ दे," त्या म्हणाल्या.

शिव्या संपल्या की ती एकच प्रश्न विचारायची. "तैं कहे रहे, देस तोर नाव लिही. कोन लिस?" तू म्हणाला होतास, देश तुझं नाव घेईल. कोणी घेतलं?

काका मान खाली घालून म्हणायचे, "अभी नइ लिस, दाई." अजून नाही घेतलं.

मग ती चहा प्यायची, टोपली उचलायची आणि जायची. तिचं घर आणि घरापुढचं मोहाचं झाड काकांच्या शब्दावर गेलं होतं. मोबदला मिळाला होता, राहायला दुसरी जागाही मिळाली होती. त्याबद्दल ती काही बोलत नसे. तिला ते नावाचं तेवढं विचारायचं असे.

मी काकांना म्हटलं, "तुम्ही तिला असं सांगितलंच कशाला?"

"मले तसं वाटलं होतं," ते म्हणाले. "अजूनबी वाटते."

याच सुमारास दिल्लीतल्या स्मारकाचं सुरू झालं. देशासाठी गेलेल्यांचं एक मोठं स्मारक राजधानीत बांधायचं ठरलं होतं. दगड दुरून आणायचे, उंची अशी की शहरात कुठूनही दिसावी. खर्चाचा आकडा ऐकून माणसं गप्प व्हायची आणि मग एकदम बोलायला लागायची. धान्याची टंचाई, पाण्याची टंचाई, आणि हे दगड रचणार! दुसरे म्हणायचे, ज्यांनी जीव दिला त्यांच्यासाठी एवढंही नको? कोहक्याच्या चहाच्या हॉटेलात पेपर यायचा, त्याच्याभोवती रोज भांडण. आपल्या कारखान्यातलं लोखंड त्यात जाणार, अशीही एक बातमी कोणीतरी सोडून दिली होती, त्यामुळे भांडणाला धार चढली होती.

काका सकाळी हॉटेलात जाऊन स्मारकवाल्यांना म्हणायचे, "आधी पोटाले द्या, मंग दगडं रचा." संध्याकाळी विरोधकांना म्हणायचे, "पोट तं जनावरालेबी असते. देशाले काहीतरी उंच पायजे का नाई?" सकाळचे लोक संध्याकाळीही तिथेच असायचे. एका पोराने शेवटी त्यांच्या काळ्या कोटाची कॉलर धरली. "काका, तुमी कोन्या बाजूचे हा, थे सांगा अगोदर."

"तू जे बोलून राहिला, त्याच्या दुसऱ्या," काका म्हणाले.

कॉलर फाटली. काकूंनी ती शिवता शिवता मला बोलावून घेतलं. "तू शिकलेली हायस. इचार ना त्याईले, डोक्यात काय हाय म्हून."

मी विचारलं. काका म्हणाले, "सूनबाई, माही ताई त्या स्मारकाच्या मांगं हाय."

"मागे म्हणजे, त्यांचा पाठिंबा आहे?"

"नाई वं. मांगं. कुंपनाच्या मांगं. तिथं राहते थे."

त्यांची मोठी बहीण. मेहुणे रेल्वेत होते, बदली होऊन दिल्लीला गेले आणि तिथेच वारले. ताई परत आली नाही. एका वस्तीत तिने खानावळ काढली आणि मुलाला वाढवलं. ज्या मैदानात स्मारक होणार होतं त्याच्या कुंपणाला लागून ती वस्ती होती.

काही दिवसांनी तो मुलगा, काकांचा भाचा, स्वतःच कोहक्याला येऊन उभा राहिला. चांगला मिशीवाला, नोकरीतला गडी, पण अंगणात बसून लहान पोरासारखा बोलत होता. "मामा, साहेब लोक येऊन राहिले. म्हून राहिले, देशाचं काम हाय, उठा. बाकीचे उठलेबी. आईले उठवतीन आता. तुमी चला. तुमाले त्याईच्यासारखं बोलता येते."

काका म्हणाले, "मी त्याईच्यासारखं नाई बोलत. थे माह्यासारखं बोलून राहिले."

भाचा परत गेला. काका काही निघेनात. कोट घालून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मग बाजाराचा दिवस आला. दाई आली, टोपली ठेवली, तिचं सगळं बोलून झालं. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, "दाई, दिल्ली चलबे?"

दाईने कशाला, किती लांब, काही विचारलं नाही. "चल," म्हणाली.

काकू घरातून ओरडल्या, "हा मानूस पुरा बिघडला!" मग त्यांनी मलाच फर्मान सोडलं. त्यांचे गुडघे चालत नव्हते, म्हणून मी जायचं. "त्या दोघाईसंग कोनीतरी शहानं पायजे." मी शहाणी नव्हते, दिल्ली पाहिली नव्हती आणि कशासाठी जायचं हेही मला समजलं नव्हतं. यजमान हसून म्हणाले, "जाय. आपल्या घरातल्या एकानं तरी राजधानी पाहू दे."

गाडीत दाई खिडकीशी बसली. प्रत्येक स्टेशनावर ती खाली बघून कोणाला ना कोणाला रागवायची. मी काकांना हळूच विचारलं, हिला कशाला आणलंत?

"मी जल्मभर लोकाईले उठा म्हनालो," ते म्हणाले. "उठू नका कसं म्हनायचं, थे मले येतच नाई. तोंड उघडलं का तेच येते. हिले येते थे दुसरं."

मला ते पटलं. म्हणजे नागपूर येईपर्यंत पटलं. नागपूरनंतर काका दाईला सांगत बसले, की स्मारक किती उंच होणार, त्याचे दगड कसे गुलाबी, आणि त्यांचा चेहरा असा झाला की ही माणसं स्मारक अडवायला चालली आहेत की दर्शनाला, ते मला कळेना.

दिल्लीत वस्तीपर्यंत पोचलो तेव्हा दुपार होती. लाकडी फळ्यांचं कुंपण, त्यापलीकडे प्रचंड खड्डा, खड्ड्यात माणसं मुंग्यांसारखी, आणि दगड फोडण्याचा एकसारखा आवाज. कुंपणाच्या अलीकडे बऱ्याच झोपड्यांच्या जागा रिकाम्या झाल्या होत्या. उरलेल्यांत सगळ्यात मोठा धूर ताईंच्या छपरातून निघत होता. ताई ठेंगण्या, जाड, हातांना पीठ. भावाला कितीक वर्षांनी बघत होत्या, पण आधी म्हणाल्या, "बाजूले व्हा, पंगत हाय." आणि खरंच, खड्ड्यातून वर आलेले पाथरवट ओळीने बसले होते. ताईंनी मोठ्या पितळी गंजातून, म्हणजे पातेल्यातून, त्यांना वाढलं, आम्हाला वाढलं. दाई त्यांच्यातच बसून जेवली.

भांडी झाल्यावर काका उभे राहून म्हणाले, "ताई, मी आलो. तुले आता कोनी उठवत नाई."

"मले उठायचं नाई, असं कोन म्हने?" ताई म्हणाल्या.

काकांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा जमिनीकडे बघत होता.

"थो येडा हाय," ताई म्हणाल्या. "मी स्मारकाच्या बाजूची हावो. काम बंद पडलं तं हे पोट्टे गावाले जातीन. मंग मी जेवाले कोनाले घालू, दगडाले? चांगलं उंच होऊ दे म्हना."

"मंग ठीक हाय. मंग होऊ दे."

"होऊ कसं दे? झालं तं इथं बगीचा करनार हायत. मले काढतीन."

"मंग तुले काय पायजे, ताई?"

"मले काय माईत? तू शिकलेला. तू सांग."

काका "दोन्ही…" एवढंच म्हणाले आणि थांबले. त्यांच्या तोंडून ते वाक्य अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ताईंनी भावाकडे नीट पाहिलं आणि मग त्यांचा आवाज उतरला. "मी थकली रे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी पीठ मळताना वाटते, आज येतीन का उद्या. तेवढं तरी समजलं पायजे."

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तरुण होता, दक्षिणेकडचा, हिंदी जेमतेम, पण अतिशय सभ्य. छपराबाहेर उभा राहून त्याने ताईंना नमस्कार केला आणि बोलायला लागला. हे देशाचं काम आहे. येणाऱ्या पिढ्या इथे येतील. देश तुमचे उपकार विसरणार नाही. काकांचे ओठ हलत होते. साहेबाचं पुढचं वाक्य काय येणार ते त्यांना आधीच माहीत होतं.

तेव्हा दाई उठली. कमरेवर हात ठेवून साहेबासमोर गेली. "ए बाबू, तहूँ ओइसनेच गोठियाथस!"

साहेब गोंधळला. त्याने आजूबाजूला पाहिलं. "ये क्या बोलती हैं?"

आणि काका पुढे झाले. साहेब आणि दाई यांच्या मधे, जिथे ते इतकी वर्षं उभे राहत आले होते, तिथे जाऊन उभे राहिले. "साहब, ये कह रही हैं, आप भी वैसा ही बोलते हैं."

"किसके जैसा?"

दाईने बोट दाखवलं.

"मेरे जैसा, साहब," काका म्हणाले.

मग दाई बोलत गेली आणि काका सांगत गेले. एक शब्द वगळला नाही, एक शब्द मऊ केला नाही. हा माणूस माझ्या मोहाखाली येऊन बसला. माझ्या घरचं पाणी प्यायला. गोड बोलला. माझ्या बापाने बोलला नसेल असा बोलला. म्हणाला, तू घर दिलंस तर देश तुझं नाव घेईल. मी दिलं. दर बाजाराला मी ह्याच्या दारात जाते आणि विचारते, माझं नाव कोणी घेतलं? हा म्हणतो, अजून नाही. हा माणूस खोटारडा आहे. 'हा माणूस खोटारडा आहे' हेही काकांनी तशाच अदबीने साहेबाला सांगितलं, जणू 'हा माणूस' तिसराच कोणी होता. आवाज त्यांचा सरळ होता. 

पाथरवट काम सोडून कुंपणाशी जमले होते.  साहेब सभ्य होता, म्हणून त्याने सुचलं ते विचारलं. "माताजी का शुभ नाम?"

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, काकूंनाही नसावं. सगळे दाईच म्हणत. देश तुझं नाव घेईल असं ज्यांनी तिला सांगितलं होतं, त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

ते तिच्याकडे वळले. फार हळू आवाजात म्हणाले, "दाई, तोर नाव का हे?"

दाईने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. पण ती म्हणाली, "सुकवारो."

"सुकवारो," काका साहेबाला म्हणाले. आणि मग तो खड्डा ऐकेल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणाले, "सुकवारो नाम है इनका, साहब!"

"सुकवारोजी," साहेब म्हणाला, "आप बैठिए."

दाई बसली. काका तिथेच एका पिठाच्या डब्यावर बसले आणि त्यांनी कोटाच्या बाहीत तोंड लपवलं. ताईंनी साहेबापुढे ताट ठेवलं. तो आधी नको म्हणाला, मग उभ्याउभ्याच जेवला. जेवताना त्याने विचारलं, ही खानावळ गेली तर मजूर कुठे जेवतील?  तो म्हणाला, वर विचारून बघतो. त्याने खरंच विचारलं. काम चालू आहे तोवर खानावळ राहू द्यावी, असं ठरल्याचं भाचा पुढे कोहक्याला येऊन सांगून गेला. काम संपलं की जागा सोडायची.

आम्ही परत आलो. मला वाटलं, आता काकांचं सगळं सरळ होईल. झालं उलटं. पेपरात स्मारकावर टीका वाढली, काम थांबणार अशी कुजबुज आली, की काका धावत हॉटेलात जायचे आणि स्मारकाच्या बाजूने घसा सुकेपर्यंत बोलायचे. काम जोरात चालल्याची बातमी आली, की जायचे आणि खर्चावर तुटून पडायचे. "स्मारक व्हावं," मला म्हणायचे, "पन होऊ नये." हॉटेलातल्या लोकांनी त्यांच्याशी वाद घालणंच सोडलं. मला एकटीला त्यामागचं कारण माहीत होतं, म्हणून मी स्वतःला शहाणी समजायला लागले होते. पण एकदा पेपरात त्या अर्धवट स्मारकाचा फोटो आला. काका तो अंगणात उन्हात धरून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताईसाठी की स्मारकासाठी? विचारायचं धैर्य झालं नाही.

दाई पुढच्या बाजाराला नेहमीप्रमाणे आली. टोपली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि उभी राहिली. विचारायला काही उरलं नव्हतं. शेवटी चहात साखर कमी आहे म्हणून तिने काकांना झाडलं आणि नंतर कायम साखरेवरच रागवत राहिली. काका आता तिला नावाने हाक मारायचे. ते ऐकलं की ती तोंड फिरवून हसायची.

वर्षं गेली. आम्हाला मुलगी झाली. क्वार्टरचा नंबर दोनदा आला आणि दोनदा कुठेतरी अडकला. आणि तिकडे स्मारक पुरं झालं. उद्घाटनाच्या दिवशी आमच्या रेडिओभोवती अंगण भरलं. भाषणं झाली, बँड वाजला. हॉटेलातला तो कॉलर फाडणारा पोरगा, आता दोन पोरांचा बाप, काकांना म्हणाला, "काका, झालं बा शेवटी. आता तं सांगा, चांगलं झालं का वाईट?" काका रेडिओकडे बघत म्हणाले, "ताईचे गंज लय मोठे हायत. गाडीत मावतीन का?"

मावले. भाच्याने ताईंना आणलं तेव्हा बैलगाडीत पितळी गंज, परात, तवे आणि त्यांच्यामधे ताई. टाउनशिपच्या बांधकामावर मजूर भरपूर होते, ताईंना इथे खानावळ काढायची होती. जागा हवी होती. जागा एकच होती, आमची.

हे सगळ्यांना कळत होतं.  ताई काकूंच्या स्वयंपाकघरात अवघडून झोपत होत्या. सकाळी काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. कोट, धोतर, हात खिशात. "गरमी होऊन राहिली," म्हणाले, आणि गेले. दुपारी पुन्हा आले. "पोरगी बरी हाय ना?" म्हणाले. गेले. गावंच्या गावं ज्यांच्या शब्दावर उठली, त्यांना दोन खोल्यांचं एक वाक्य बोलता येत नव्हतं. संध्याकाळी यजमान म्हणाले, "आपनच निघून जाऊ. त्याईले किती ताटकळत ठेवायचं?" पण जाणार कुठे? दुर्गातली आडनावं विचारणारी दारं मला आठवत होती. तरी मी फळीवरची भांडी उतरवून ट्रंकेत ठेवायला लागले. काकांनी दारातून ती उघडी ट्रंक पाहिली आणि वळले.

सकाळी मागच्या अंगणातून ठोकाठोक ऐकू आली म्हणून मी बाहेर आले. परसातल्या लाकूडफाट्याच्या छपरीतून सगळी लाकडं बाहेर काढलेली होती. आत काका-काकूंच्या खाटा. काका दोरीने ताडपत्री बांधत होते. काका-काकूंच्या खोलीत ताईंनी चूल पेटवली होती आणि गंज चढवला होता.

"काका, हे काय?"

"तुमच्या दारात आलो का तोंडात थेच येऊन राहिलं होतं," ते म्हणाले. "देशाचं काम. पुढच्या पिढ्या. दोन खोल्याईसाठी, सूनबाई! मले सोताचीच लाज वाटली. म्हटलं, दुसऱ्याले कायले सांगा? सोताले सांगून पाहू."

"मग?"

"मंग काय. लवकर ऐकलं मी."

काकू खाटेवर बसल्या होत्या, गुडघे चोळत.  त्या म्हणाल्या, "अन् मले? मले कोनी इचारलं?"

काकांचे हात दोरीवर थांबले. त्यांनी आठवून पाहिलं.

"नाई," ते म्हणाले. "राहूनच गेलं."

त्यांनी दोरी सोडली. ताडपत्रीचं एक टोक खाली आलं. ते काकूंच्या खाटेसमोर जाऊन जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं. काय शब्दांत विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मी मुलीला घेऊन लांब उभी होते.  काकूंनी आधी त्यांना ताडपत्री पुन्हा बांधायला लावली, खाट सावलीत सरकवायला लावली, प्यायला पाणी आणायला लावलं. ते पिऊन तांब्या खाली ठेवला.

"पावसाळ्यापर्यंत राहू," काकू म्हणाल्या. "मंग पुन्हा इचारा."